प्रसूतिकक्षातील सिस्टर: माझ्या तक्रारीतील तीन वाक्ये

अभ्यासपाठ
शास्त्रभाग: निर्गम १:१५–२१
महिला मंडळ, तरुण संघ व घरसभा यांच्यासाठी



आपल्या मंडळ्यांमधून नर्सिंगला गेलेल्या मुली पुष्कळ आहेत. ५ मे हा सुइणींचा दिवस आणि १२ मे हा परिचारिकांचा दिवस. त्या सुमारास आपण आपल्या सिस्टरना उपासनेत पुढे बोलावतो, फूल देतो, त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. हे चांगलेच आहे. पण त्यांचे काम आपण पाहिलेले नसते. प्रसूतिकक्षातले तर नाहीच, कारण ते दार आपल्यासाठी बंद असते. बाहेरच्या बाकावर बसून जे कानावर पडते, त्यावरून आपण मत बनवतो. मीही तसेच केले होते. त्याची ही साक्ष आहे, आणि त्यातून मी जे शिकले तो हा पाठ.

काही वर्षांपूर्वी नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या कुशीतल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी आमच्या पाड्यावरची एक मुलगी घेऊन गेले. एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण. रस्त्यापर्यंत तिला झोळीतून आणले आणि तिथून जीपने. मी बाहेर बसले होते. दार अर्धवट उघडे होते, त्यामुळे काही दिसत होते, काही ऐकू येत होते. पहाटे तिला मुलगी झाली. आई व बाळ सुखरूप होती. पण मी संतापले होते. दुसऱ्याच दिवशी मी वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी तक्रार दिली. तिच्यात तीन वाक्ये होती:

१. सिस्टर पेशंटकडे लक्ष न देता कागद लिहीत बसल्या होत्या.
२. बाई कळांनी तळमळत असताना सिस्टर तिला सोडून निघून गेल्या.
३. सिस्टरनी तिच्यावर आरडाओरडा केला व तिचा अपमान केला.

डॉक्टरसाहेबांनी आम्हा दोघींना बोलावले. सिस्टर वयाने माझ्याएवढ्याच, पन्नाशीकडे झुकलेल्या, मराठवाड्याकडच्या. त्यांनी कागद वाचला, घडी घातला आणि म्हणाल्या, “मॅडम, एक रात्र आत येऊन बसा. मग यातलं काय ठेवायचं ते तुम्हीच ठरवा.”

प्रसूतीच्या वेळी बाईजवळ तिच्या विश्वासातली एक स्त्री सोबतीला राहू शकते, अशी सूचना केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांना दिली आहे. ते मला तोवर ठाऊक नव्हते. तीन आठवड्यांनी पाड्यावरची दुसरी एक बाई अडली, तेव्हा तिची सोबतीण म्हणून मी आत गेले.

पहिले वाक्य: “कागद लिहीत बसल्या होत्या”

ही बाई गुजरातेत ऊसतोडीला गेलेली होती. नववा लागल्यावर परतली. माता व बाल संरक्षण कार्ड हरवलेले, तपासण्या झालेल्या नाहीत. सिस्टरनी पहिल्या वीस मिनिटांत तिचा रक्तदाब घेतला, लघवी तपासली, पोट चाचपून बाळाचे डोके खाली असल्याची खात्री केली, रक्त तपासायला पाठवले. हिमोग्लोबिन आले ८. सिस्टरनी तो आकडा कागदाच्या वर मोठ्या अक्षरात लिहिला आणि त्याच्याभोवती गोल काढला.

मग त्या लिहू लागल्या, आणि रात्रभर लिहीतच राहिल्या. दर अर्ध्या तासाने त्या पोटावर हात ठेवून घड्याळाकडे पाहत. दहा मिनिटांत कळा किती आल्या, प्रत्येक कळ किती सेकंद टिकली, ते मोजत. मग डॉपलरने बाळाचे ठोके ऐकत. मिनिटाला ११० ते १६० ठोके हे ठीक समजतात. बाईची नाडी बघत. हे सगळे एका आखलेल्या कागदावर खुणांनी मांडत. त्या कागदाला पार्टोग्राफ म्हणतात. गर्भाशयाचे तोंड चार सेंटीमीटर उघडले की तो सुरू करतात. त्यावर एक तिरपी रेघ छापलेली असते. साधारण तासाला एक सेंटीमीटर या वेगाने तोंड उघडत गेले, तर खुणा त्या रेघेच्या अलीकडे राहतात. खुणा रेघ ओलांडून पलीकडे जाऊ लागल्या, की बाळंतपण अडते आहे असे समजून डॉक्टरांना बोलवायचे.

मी विचारले, “हे सगळं लिहायलाच हवं का?”

त्या म्हणाल्या, “जिल्ह्याच्या दवाखान्यात जायला इथून घाट उतरून दोन तास लागतात. बाई थकली, बाळाचे ठोके पडले, तेव्हा गाडी बोलवली तर उशीर होतो. ही रेघ मला आधी सांगते.”

आपल्याला वाटते की माणूस बाईजवळ बसला, हात धरला, म्हणजे लक्ष दिले. ते हवेच. पण लक्ष देण्याचा दुसराही प्रकार असतो. अकरा वाजताचे ठोके आणि साडेअकराचे ठोके यांत काय फरक पडला, हे थकलेल्या डोक्याला आठवत नाही. ते कागदाला आठवते. आमच्या पहिलटकरणीच्या रात्रीही सिस्टर हेच करत होत्या. माझे पहिले वाक्य खोटे होते. मी खोटे लिहायला बसले नव्हते, मला काय दिसते आहे तेच कळले नव्हते.

दुसरे वाक्य: “सोडून निघून गेल्या”

रात्रपाळीला दोनच सिस्टर होत्या. एक या, दुसरी कंत्राटी, वयाने तेवीस-चोवीस. सोबत एक मावशी. डॉक्टर एकच, आणि अपघात विभागही त्यांच्याकडेच. प्रसूतिकक्षात आमची बाई, बाहेरच्या वॉर्डात दोन बाळंतिणी आणि एक सिझरहून परतलेली.

मी त्या जुन्या रात्रीबद्दल विचारले. तुम्ही जवळजवळ पाऊण तास आत नव्हता, तेव्हा कुठे होता?

तेव्हा मला कळले. त्याच वेळी मागच्या दाराने एक बाई आणली होती. आठवा महिना, रक्तदाब वाढलेला, वाटेत झटके आलेले. अशा वेळी तिला कुशीवर वळवायचे, श्वास मोकळा ठेवायचा, मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शने दोन्ही बाजूंना खोलवर द्यायची, लघवीची नळी घालायची, रक्तदाब उतरवायचे औषध सुरू करायचे आणि १०८ ची गाडी बोलावून मोठ्या दवाखान्यात पाठवायची. त्या पाऊण तासात सिस्टर आणि डॉक्टर हेच करत होते. आमची मुलगी पाच सेंटीमीटरवर होती, तिचे सगळे ठीक चालले होते. नव्या सिस्टरला तिच्याकडे लक्ष ठेवायला सांगून त्या गेल्या होत्या. दोघींपैकी आधी कोणाकडे जायचे, हे त्यांनी ठरवले. मी फक्त रिकामी खुर्ची पाहिली.

“ती बाई वाचली का?” मी विचारले.

“बाई वाचली. बाळ नाही.”

प्रसूतिकक्ष म्हणजे आनंदाची जागा, असे आपण समजतो. बहुतेक दिवस ती तशी असतेही. पण मेलेले बाळ पुसून, स्वच्छ कपड्यात गुंडाळून, आईला बघायचे आहे का असे हळूच विचारणारीही हीच सिस्टर असते. त्यानंतर ती हात धुते आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईला “शाब्बास, आणखी थोडं” म्हणायला जाते. मधे रडायला वेळ नसतो. माझे दुसरे वाक्यही गेले.

तिसरे वाक्य: “आरडाओरडा केला व अपमान केला”

हे वाक्य दोन भागांचे आहे. ते वेगळे करायला मला ती रात्र लागली.

पहाटे तीनच्या सुमारास आमच्या बाईला जोर येऊ लागला. सिस्टरचा आवाज चढला, “आता दे जोर! खाली! थांबू नको!” मग डोके दिसू लागले तशा त्या आणखी मोठ्याने म्हणाल्या, “आता जोर नको! नुसता श्वास घे! तोंडाने!” डोके एकदम बाहेर आले तर आई फाटते. म्हणून त्या क्षणी तिला थांबवायचे असते, आणि कळेने बधिर झालेल्या कानांपर्यंत ते पोचवायचे असते. सिस्टरना पावरी बोली येत नव्हती, पण कामापुरते आठ-दहा शब्द त्यांनी शिकून घेतले होते. उरलेले मी सांगत होते. हा ओरडा शिव्या नव्हे. बैल घसरताना गाडीवान ओरडतो तसा हा आवाज असतो.

बाळ बाहेर आले, आणि रडले नाही.

त्या क्षणी सिस्टरचा आवाज एकदम खाली आला, हे मला अजून आठवते. खोलीत दुसरे कोणीच बोलत नव्हते. त्यांनी कोरड्या कपड्याने बाळ पुसले, पाठ चोळली. नाही रडले. नाळ कापून वॉर्मरखाली नेले, मान सरळ केली, तोंड-नाक साफ केले, छोटा मास्क लावून फुगा दाबू लागल्या. मिनिटाला चाळीस ते साठ श्वास, छाती हलते का बघत. जन्मानंतरचे पहिले मिनिट वाया घालवायचे नाही, असे त्यांना शिकवलेले असते. इकडे नव्या सिस्टरने पोट चाचपून दुसरे बाळ नसल्याची खात्री केली आणि बाईच्या मांडीत ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन दिले. हेही पहिल्या मिनिटातलेच काम. त्याने गर्भाशय आवळते आणि रक्तस्राव कमी होतो. हिमोग्लोबिन ८ असलेल्या बाईला जास्त रक्त गेलेले झेपत नाही. कागदावरचा तो गोल मला आता कळला.

बाळ खोकले, मग रडले. मावशी म्हणाली, “आला गं बाई आला.” मुलगा होता, दोन किलो तीनशे ग्रॅम. अडीच किलोच्या खाली म्हणून त्याला उबेला जपायचे. सिस्टरनी त्याला आईच्या उघड्या छातीवर ठेवले, वरून पांघरूण घातले आणि तासाच्या आत पाजायला लावले. वार पूर्ण आली का ती उलटून बघितली. मग दोन तास दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवून गर्भाशय कडक आहे का, खाली किती रक्त गेले ते बघत राहिल्या. बाळंतपण झाले की घरचे लोक पेढ्यांच्या गडबडीत असतात. सिस्टरच्या मते सगळ्यांत धोक्याचे तास हेच. भरभरून रक्त जाऊ लागले तर धडधाकट बाईसुद्धा दोन तासांत हातची जाऊ शकते.

त्यांचा चहा मात्र स्टूलावर साय धरून पडला होता.

उजाडताना मी म्हणाले, “सिस्टर, माझी पहिली दोन वाक्यं मी मागे घेते. आरडाओरड्याचंही घेते.”

त्या म्हणाल्या, “आणि अपमानाचं?”

मी गप्प राहिले. त्या रात्री त्या पहिलटकरणीला एक टोमणा मारला गेला होता. तो इथे छापण्यासारखा नाही. आपल्यातल्या पुष्कळ बहिणींनी तो कुठल्या ना कुठल्या प्रसूतिकक्षात ऐकला असेल. शिवाय “तुम्ही जंगलातली माणसं, तुम्हाला काय कळतं” हेही वाक्य होते.

सिस्टर म्हणाल्या, “ते राहू द्या. ते खरं आहे. ते बाळ गेल्यावर मी थेट तिच्याकडे आले होते. पण ते कारण झालं, सबब नाही.”

मी दुसरे पत्र लिहिले. त्यात दोन वाक्ये मागे घेतली, क्षमा मागितली आणि अपमानाचे वाक्य ठेवले. दीड महिन्याने ती मुलगी बाळाला लस द्यायला आली, तेव्हा सिस्टरनी तिला बोलावून सांगितले, “त्या रात्री मी वाईट बोलले.” मुलगी खाली बघत राहिली, काही बोलली नाही. तिने आईला आधीच सांगून टाकले होते की पुढचे बाळंतपण घरीच करायचे. एका टोमण्याची किंमत इतकी असू शकते. पाड्यावरची बाई तक्रारअर्ज लिहीत नाही. ती पुढच्या वेळी येतच नाही. मग पार्टोग्राफ, इंजेक्शन, फुगा हे सगळे तिच्यासाठी नसल्यासारखेच होते.

शास्त्रभागाकडे

निर्गमाच्या पहिल्या अध्यायात दोन सुइणी भेटतात, शिप्रा व पुवा. त्या फारोचे नाव तिथे दिलेले नाही, या दोन कामकरी बायांची नावे मात्र दिली आहेत. जन्मणारे मुलगे मारून टाका, अशी राजाची आज्ञा होती. त्यांनी ती मोडली, कारण त्यांना देवाचे भय होते. बाळंतपणाच्या आसनासाठी तिथे जो मूळ इब्री शब्द आहे, त्याचा शब्दशः अर्थ ‘दोन दगड’ असा होतो. म्हणजे बाई बसून बाळंत होत असे. आपल्या पाड्यांवर आजही अनेक घरांत दोर किंवा खांब धरून, उकिडवे बसून बाळंत होण्याची रीत आहे. अशा बाईला उंच लोखंडी टेबलावर, अनोळखी लोकांसमोर, पाय वर करून निजवले की ती घाबरते. हे अडाणीपण नव्हे, हे सिस्टरनी समजून घ्यायला हवे.

त्या दोघी स्वभावाने गोड होत्या की तुसड्या, हे शास्त्र सांगत नाही. बाळ आणि आई जगावी म्हणून त्या उभ्या राहिल्या, एवढे सांगते. सिस्टरकडे बघताना आपण आधी हेच बघावे. पण त्याच अध्यायात हिब्रू बाया हीन लेखल्या गेलेल्या लोकांतल्या होत्या, आणि सुइणींनी त्यांना हीन लेखले नाही, हेही विसरू नये. कौशल्य आणि आदर यांतले एकच मागायचे, असे नाही.

आपण काय करू शकतो

१. सोबतीण तयार करा. प्रत्येक पाड्यावर दोन-तीन बाया अशा हव्यात, ज्या बोली जाणतात, स्वतः बाळंत झाल्या आहेत आणि आत जाऊन शांत राहू शकतात. त्या सिस्टरच्या कामात आड येत नाहीत, उलट त्यांचे अर्धे ओझे हलके करतात.

२. वेळेआधी आणा. आदिवासी भागात काही प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ असते. तिथे दिवस भरत आलेली बाई नातेवाइकासह आधीच येऊन राहू शकते. मध्यरात्रीच्या झोळीपेक्षा हे कितीतरी बरे.

३. कार्ड जपा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाने ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्यावे. हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी जाण्याआधी करून घ्यावी.

४. हक्क सांगा. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधे, जेवण आणि गाडी मोफत आहे. कोणी पैसे मागितले तर द्यायचे नाहीत, आणि खुशीने म्हणून आपणही सवय लावायची नाही.

५. मुलगी झाली म्हणून प्रसूतिकक्षाच्या दारात तोंड पाडू नका. बाळंतिणीला ती नजर आधी दिसते, आणि तिची समजूत सिस्टरला काढावी लागते.

६. तक्रार करा, पण आधी विचारा. कुठे होता, काय करत होता, असे विचारून मग लिहा. खरे असेल ते मात्र गाळू नका.

आता शेवटचे. त्या मुलीला दोन वर्षांनी पुन्हा दिवस गेले. तिने आशाताईंकडे नाव नोंदवले, आणि मला एकच प्रश्न विचारला, “या वेळी तुम्ही आत याल ना?” मी हो म्हणाले, आणि गेले. पाळीवर त्याच सिस्टर होत्या. मुलीने माझा हात घट्ट धरला. सिस्टरनी तिच्याकडे पाहिले, पदराला हात पुसून जवळ आल्या आणि तिच्या बोलीतला एक शब्द म्हणाल्या. त्याचा अर्थ ‘ये’ असा होता.

चर्चेसाठी प्रश्न

१. बाहेरच्या बाकावर बसून आपण कोणाबद्दल असे मत बनवले आहे, ज्यांचे काम आपण कधी आतून पाहिलेले नाही?
२. थकवा आणि दुःख हे कठोर शब्दांचे कारण असू शकते, सबब नाही. आपल्या घरात आणि मंडळीत हा फरक आपण कसा पाळतो?
३. आपल्या मंडळीतल्या सिस्टर रात्रपाळी करून रविवारी उपासनेला आल्या, तर आपण त्यांना काय विचारतो? काय विचारायला हवे?
४. आपल्या भागात सोबतीण म्हणून कोण जाऊ शकेल? आजच नावे लिहून घ्या.

प्रार्थनाविषय

रात्रपाळीच्या सिस्टर, मावशी व डॉक्टर. ऊसतोडीवरून परतणाऱ्या गरोदर बहिणी. बाळ गमावलेल्या माता. आणि एकदा अपमान झाल्यामुळे दवाखान्याची पायरी पुन्हा न चढणाऱ्या सर्व बाया.